शेवटची कात

स्पिरिटकाका घरात शिरायच्या आधी त्यांचा वास घरात शिरायचा. वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात कोळ्यांचा विभाग होता आणि काकांची उभी हयात त्या तळघरात गेली. भिंतींना भिडवून लोखंडी कपाटं, कपाटांत बरण्या, बरण्यांत बोटाएवढ्या काचेच्या नळ्या आणि प्रत्येक नळीत स्पिरिटात बुडवलेला एकेक कोळी. स्पिरिटाची खोड अशी, की झाकण कितीही घट्ट लावा, ते उडून जातंच. म्हणून एक नळी उघडायची, भरायची, बंद करायची, की पुढची. शेवटच्या कपाटाशी पोचावं तर पहिलं कपाट पुन्हा तहानलेलं. ज्याला संपणाऱ्या कामाची आवड आहे त्यानं तिथे नोकरी करू नये.

नाव मात्र त्यांना तळघरात पडलं नव्हतं, ते पडलं लग्नात. खिशात स्पिरिटाची छोटी बाटली बाळगायची त्यांची सवय तेव्हापासूनची. कुठे काय सापडेल सांगता येत नाही. नवरदेवाच्या कोटातून ती बाटली पडून फुटली, हॉलभर वास सुटला आणि सासऱ्यांनी जावयाला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, की हे रोज घेता का फक्त शुभकार्याला. काकू हा किस्सा आयुष्यभर सांगत आल्या. शेवटी पुस्ती जोडायच्या, "रोज घेतात हो, पण पीत नाहीत. पाजतात."

काका चांगले शिकलेले होते, विभागाचे प्रमुख होते. विभागात दुसरं कोणीच नसल्यामुळे प्रमुखही तेच आणि झाडूवालेही तेच. त्यांनी कोळ्यांच्या याद्या केल्या, दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, पण ज्या एका गोष्टीसाठी माणूस या फंदात पडतो ती त्यांच्या वाट्याला आली नव्हती. जगाला आधी ठाऊक नसलेली, त्यांनी शोधलेली आणि त्यांनीच वर्णन केलेली एकही प्रजाती नव्हती. एकदा घास हातातोंडाशी आला होता, तर सातासमुद्रापलीकडच्या कोणीतरी तोच कोळी आधी छापला. दुसऱ्यांदा नळीच्या झाकणाला चीर होती. काका दुसऱ्यांच्या कोळ्यांना स्पिरिट पाजत राहिले आणि त्यांचा स्वतःचा कोळी कोरडा पडून त्याचं पीठ झालं. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय. आता निवृत्ती उंबरठ्यावर आली होती आणि काका याबद्दल बोलेनासे झाले होते. बोलत नव्हते म्हणजे विसरले होते असं नाही.

त्यात काकू आजारी पडल्या. पोटातलं दुखणं पाठीत गेलं, पाठीतलं हाडांत उतरलं. डॉक्टर आधी "करू" म्हणत होते, मग "बघू" म्हणायला लागले, आणि डॉक्टर बघू म्हणायला लागले की घरच्यांनी समजायचं ते समजावं. लांबलचक वॉर्डाच्या टोकाला, खिडकीशी त्यांचा पलंग होता. खिडकीतून दिसायचं काय, तर दवाखान्याच्या धुलाईघराची भिंत आणि वाफेचे पाइप. संग्रहालय दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे काका दुपारच्या सुट्टीत यायचे आणि लेक संध्याकाळी कामावरून परस्पर. काकूंची एकच तक्रार होती. म्हणायच्या, इथे सगळीकडे तुमचाच वास येतो, डोळे मिटले की वाटतं तुम्ही आलात आणि उघडले की इंजेक्शन.

एका दुपारी काका डबा उघडत होते तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, तुमच्या खात्यातलं कोणीतरी आलंय."

खिडकीच्या चौकटीवर मिऱ्याच्या दाण्याएवढा एक कोळी बसला होता. काकू त्याला चांगल्या ओळखत होत्या. रोज सकाळी ऊन पडलं की तो पाइपाच्या फटीतून बाहेर यायचा, चौकटीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी मारायचा, थांबून काकूंकडे बघायचा आणि पुढे जायचा. मोठे डॉक्टर राउंडला यायच्या आधी याचा राउंड झालेला असायचा, म्हणून काकूंनी त्याचं नाव छोटे डॉक्टर ठेवलं होतं. हा निदान बघतो तरी, मोठे कागदच बघतात, असं त्यांचं मत होतं.

हा कोळी जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हता. उड्या मारणाऱ्या कोळ्यांची जातकुळीच वेगळी. ते चालत जातात, न्याहाळतात आणि झेप घेतात. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे असतात आणि माणूस हलला की ते अंग वळवून त्याच्याकडे बघतात. काकांनी खिशातून भिंग काढलं. काळं अंग, कपाळावर गंजाच्या रंगाची पट्टी, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, एकमेकींच्या जवळ येऊन न भेटलेल्या, आणि पुढच्या पायांना हिरवट झालर. डबा तसाच उघडा राहिला. या कुळातले या भागात सापडणारे सगळे कोळी काकांना घरच्या माणसांसारखे ठाऊक होते, किंबहुना घरच्या माणसांपेक्षा जास्त. हा त्यांच्यात नव्हता. त्या दिवशी तळघरात परत जाऊन त्यांनी एकूण एक पुस्तक पालथं घातलं, आणि हा कोणत्याच पुस्तकात नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काका भेटीची घंटा व्हायच्या आधीच दारात उभे राहू लागले. केस विंचरलेले, चेहऱ्यावर तरतरी. काकूंना वाटलं, आपल्यासाठीच. असं वाटून घ्यायची त्यांना गरजही होती. मग लक्षात आलं की काका आधी खिडकीशी जातात आणि नंतर पलंगाशी. त्यांनी राग धरला नाही. आपली सवत कोण आहे हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नव्या नवरीला काकांनी फिरायला म्हणून तळघरात नेलं होतं आणि अशाच एका कोळ्यापुढे छोटा आरसा धरून दाखवला होता. आरशातल्या स्वतःला दुसरा नर समजून तो पाय उंचावून ऐट करायला लागला. नवी नवरी म्हणाली होती, "म्हणजे पुरुषच की." तेव्हा काका इतके हसले होते की त्यांच्या हातातला आरसा पडला.

काकूंना पुढचंही ठाऊक होतं. वर्णन करायचं म्हणजे मारायचं. नव्या प्रजातीला नाव द्यायचं तर नमुना हवा, आणि नमुना म्हणजे स्पिरिटातला मेलेला कोळी, लेबलासकट. उद्या कोणी शंका काढली तर कपाट उघडून तो पुढे ठेवता आला पाहिजे. तोही शक्यतो पूर्ण वाढलेला नर हवा, कारण नराच्या तोंडापुढे दोन आखूड हात असतात आणि सगळी ओळख त्या हातांच्या टोकाशी असते. तिथली आकडे-काटे-वळणांची रचना म्हणजे किल्ली. प्रत्येक प्रजातीची किल्ली निराळी. रंग फसवतो, किल्ली फसवत नाही, असं काका सांगत. या कोळ्याचे हात टोकाला टपोरे दिसत होते, म्हणजे नर नक्की.

"कधी नेणार त्याला?" काकूंनी एक दिवस विचारलं.

काका चपापले. बघू, घाई काय आहे, असं काहीतरी पुटपुटले. थेट डॉक्टरांसारखे.

"मी आहे तोवर राहू द्या," काकू म्हणाल्या. "मग खुशाल न्या."

काकांनी नेहमीचं म्हटलं, की असं अभद्र काय बोलतेस, तू घरी येणार आहेस. काकूंनी ते ऐकून सोडून दिलं आणि म्हणाल्या, शब्द द्या. काकांनी शब्द दिला. एवढंच नव्हे, तर भरात येऊन नावही ठरवून टाकलं. तुझंच नाव देणार, म्हणाले, जगभरच्या पुस्तकांत तुझं नाव. काकू म्हणाल्या, म्हणजे जगभरच्या बायका मला झाडूनं झटकणार. दोघंही हसले, काकू खोकला येईपर्यंत हसल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईंना वाटलं, चांगली बातमी आली असेल.

त्या शब्दाला काका जागले असते. निदान त्यांची तशी समजूत होती. पण एका दुपारी वॉर्डाच्या दारावर चिठ्ठी चिकटवलेली दिसली, की येत्या आठवड्यात इमारतीत झुरळं आणि ढेकणांसाठी औषधफवारणी होणार आहे. झुरळांबरोबर कोळीही जाणार, हे काय त्यांना कोणी सांगायला हवं होतं? सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमचा वॉर्ड आहे की नाही ते वरून कळेल. वरून कधी कळेल, ते त्यांनाही वरून कळायचं होतं. चिठ्ठीचं हे कारण खरं होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. आधीचे दोन कोळी हातचे गेलेला माणूस तिसऱ्याच्या बाबतीत शहाणा होत नाही, बावचळतो. रोज दुपारी खिडकीशी जाताना काकांची छाती धडधडायची, की आज नसला तर? आणि पलंगावरच्या बाईकडे बघून मात्र ती तशी धडधडत नव्हती, कारण ती जाणार हे त्यांनी मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं. हे वाचायला वाईट वाटतं, पण तसं होतं खरं.

त्याच आठवड्यात एका दुपारी काका आले तेव्हा काकूंना तपासणीसाठी खालच्या मजल्यावर नेलं होतं. पलंग रिकामा, चादर ढकललेली. काकांनी खिशातून नळी काढली. छोटे डॉक्टर चौकटीच्या मध्यावर उन्हात बसले होते. काका जवळ आले तसे ते वळले आणि त्यांनी पाहिलं. हे कोळी बघतातच, त्यांच्या बघण्यात आपण अर्थ शोधू नये, असं काका संग्रहालय बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना नेहमी बजावत. त्यांनी नळी वरून ठेवली, खालून कागद सरकवला, झालं. सराईत हाताला वेळ लागत नाही.

काकूंना परत आणलं तेव्हा त्या दमल्या होत्या, तरी त्यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "नेलंत ना त्याला?"

"छे गं. गेला असेल कुठेतरी. उड्या मारणारा प्राणी आहे तो."

"हो," काकू म्हणाल्या. "मारली असेल उडी."

त्यांची नजर काकांच्या शर्टाच्या खिशावर होती. लग्नापासून त्या खिशाचं बटण कधी लावलेलं नसायचं, कारण बाटली पटकन काढता आली पाहिजे. त्या दिवशी ते लावलेलं होतं.

आता पुढचं ऐका. तळघरात काकांनी कोळी पांढऱ्या बशीत काढला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि तोंडापुढच्या हातांवर नजर लावली. टोकाशी आकडे नव्हते, काटे नव्हते, वळण नव्हतं. गुळगुळीत, टपोरी, बंद मूठ. लोक म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, कोळ्यांच्या शास्त्रात झाकल्या मुठीला कवडीची किंमत नसते. कोळी वाढतात ते कात टाकत टाकत. नराची ती मूठ आधी फुगते आणि शेवटची कात टाकली की मगच उघडते. तोवर आत किल्ली घडत असते, पण ती कोणाला वाचता येत नाही. हा कोळी एका कातीनं लहान होता. दोन-तीन आठवडे त्याला चौकटीवर फिरू दिलं असतं तर तो पूर्ण झाला असता. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर काकांनी त्याला तळघराबाहेर काढलं असतं. ही नवशिक्याची चूक, आणि ती त्यांनी उतारवयात केली, कारण त्या मुठीत त्यांना जे बघायचं होतं तेच त्यांनी पाहिलं. फवारणी पुढे झाली ती खालच्या कोठारात. वॉर्डाकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही.

काकांनी कोळी नळीत ठेवला, पेन्सिलीनं लेबल लिहिलं, कारण शाई स्पिरिटात विरघळते, आणि नळी मागच्या ओळीत ढकलली. काकूंना सांगावं असं एकदा मनात आलं. पण एक खोटं कबूल करायचं तर त्याच्यासोबत दुसरी लाज कबूल करावी लागणार होती, की तुझा विरंगुळा मी मारला आणि तोही फुकट. ते त्यांच्याच्यानं झालं नाही. एका लाजेवर दुसरी चढली की माणूस मुका होतो. ते रोज यायचे, पलंगाशी बसायचे, आणि खिडकीकडे बघायचं टाळायचे.

एका दुपारी काकू आपणहून म्हणाल्या, "कधी त्याचं वर्णन झालंच, तर माझं नाव नका देऊ."

"का गं?"

"मीच दाखवला ना तुम्हाला. म्हणून गेला तो."

काकूंनी पाण्याचा पेला मागितला, काकांनी तो दिला, आणि ते प्रकरण दोघांनी मिळून गाडून टाकलं.

त्यानंतर काकूंच्या डोळ्यांना उजेड टोचायला लागला. काका यायच्या वेळी खिडकीचा जाड पडदा ओढलेला असे आणि वॉर्डाचं ते टोक अंधारलेलं. काकांनी एकदा पडदा थोडा सारायला हात लावला तर काकू इतक्या तीव्र आवाजात नको म्हणाल्या की शेजारच्या बाई दचकून उठल्या. हाडांचं दुखणं मेंदूपर्यंत गेलं की असं होतं, असं काकांनी कुठेसं वाचलं होतं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बघू.

मग काकूंनी घरचा छोटा आरसा मागवला. काकांना भडभडून आलं. डोक्यावरचे केस गेले होते, गालांची हाडं वर आली होती, असं रूप कशाला बघायचं बाईनं? दोन दिवस ते मुद्दाम विसरले. तिसऱ्या दिवशी काकूंनी लेकीकरवी निरोप धाडला तेव्हा आणून दिला. अंधारात आरशाचं काय करणार, हा प्रश्न काकांच्या मनात आला नाही, किंवा आला तरी विचारायचा धीर झाला नाही.

काकू एका सकाळी गेल्या. दवाखान्यातून फोन आला तेव्हा काका नळ्या भरत होते आणि एका नळीचं झाकण लावायचं राहून गेलं.

सगळं आटोपल्यावर काका सामान घ्यायला वॉर्डात गेले. पलंगावर चादर बदलून झाली होती, नवा पेशंट बाहेर स्ट्रेचरवर थांबला होता. एक पिशवी, चष्मा, शाल. काकांनी खण उघडून पाहिला आणि सिस्टरना विचारलं, एक छोटा आरसा होता.

"तो तिथेच आहे, पडद्यामागे," सिस्टर म्हणाल्या. "आम्ही हात नाही लावला. बाईंनी सांगून ठेवलं होतं, मी गेल्यावर ते येतील तेव्हा त्यांनाच पडदा उघडू द्या. त्यांची वस्तू आहे."

काकांना समजेना. तिला उजेड सहन होत नव्हता ना, ते म्हणाले.

सिस्टर गोंधळल्या. "त्यांना? नाही हो. दिवसभर पडदा उघडाच असायचा. फक्त तुमची वेळ झाली की ओढून घ्यायला सांगायच्या. म्हणायच्या, आमच्या ह्यांना उजेडाचा त्रास होतो."

काकांनी पडदा सारला. दुपारचं ऊन चौकटीवर पडलं होतं. आरसा भिंतीला टेकवून उभा केलेला होता आणि त्याच्यापुढे एक कोळी होता. तीच गंजाची पट्टी, त्याच न भेटलेल्या रेघा, तीच झालर. फट काही एकाच कोळ्याची नव्हती. हा पूर्ण वाढलेला होता, भिंगाचीही गरज नव्हती. काका तिथे उभे राहिले आणि त्यांना आपल्या बायकोच्या शेवटच्या दुपारी दिसल्या. नवरा येणार म्हणून ती उजेड बंद करून पडून राहायची. ज्याच्यासोबत जन्म काढला त्याच्यापासून ती एक कोळी लपवत होती. आणि लपवून ठेवलेला तो त्याच्याचसाठी सांभाळतही होती, कारण मी गेल्यावर न्या असं ती एकदा म्हणाली होती आणि तिचा शब्द पक्का असे. काकांना त्या क्षणी स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी खिडकीचा गज धरला.

कोळी आरशापुढे नाचत होता. पुढचे दोन पाय उंच, झालर थरथरत, दोन पावलं उजवीकडे, थांबा, मग डावीकडे. या प्रजातीचा नाच आजवर कोणत्याही कोळीतज्ज्ञानं पाहिला नव्हता. काकांनीही पुरता पाहिला नाही. मागून वॉर्डबॉयनं विचारलं, साहेब झालं का, पेशंट आत घ्यायचाय. काकांचा हात खिशाकडे गेला. एरवी या कोळ्याला मागून गाठणं सोपं नसतं, त्याला चहूकडे दिसतं. पण तो आरशातल्या स्वतःत गुंतलेला होता आणि शेवटपर्यंत वळला नाही.

या वेळी मूठ उघडलेली होती. तळघरात काकांनी सुईच्या टोकानं कोळ्याचा डावा हात वेगळा केला, बशीत टेकवला आणि कागदावर ठिपक्या-ठिपक्यांनी त्याचं चित्र काढलं. असली किल्ली आजवर कोणी छापलेली नव्हती. लांबी, रुंदी, डोळ्यांमधली अंतरं, पायांचे काटे, सगळं मोजून झालं. संग्रहालयात बातमी पसरली, संचालक स्वतः तळघरात उतरले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वहिनींचं नाव द्यायचं, बरं का. सगळ्यांनी तेच गृहीत धरलं होतं. नव्या नावापुढे ते कशावरून दिलं हे लिहावं लागतं, गाव, रंग, माणूस, काहीही. काकांनी लिहिलं, "अक्षरांची जुळणी, अर्थ नाही." लोक म्हणाले, माणूस आहे की दगड, बायको कोळ्याच्या खिडकीशी मेली आणि याला तिचं नाव सुचू नये? काकांनी ऐकून घेतलं.

नाचाबद्दल त्यांनी दोनच ओळी लिहिल्या आणि पुढे "निरीक्षण अपूर्ण" असं घातलं. शोधपत्रिकेच्या संपादकांनी उलट विचारलं, अपूर्ण का? काकांनी कळवलं, निरीक्षण चालू असतानाच नमुना गोळा केला. ते तसंच छापून आलं.

अंक आला त्या सुट्टीच्या दिवशी लेक घरी आली होती. तिनं तो उभ्यानंच चाळला, मग खुर्चीत बसून पुन्हा पहिल्यापासून पाहिला.

"आईचं नाव नाही यात."

"तिनं नको म्हटलं होतं."

"का?"

काका आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशाचं बटण लावलं, काढलं. मग म्हणाले, "आधीचा मी नेला होता. तिला दिलेला शब्द मोडून. आणि नाही म्हणून खोटं बोललो. तिला कळलं होतं."

"माहितीये मला," लेक म्हणाली. "मी संध्याकाळी यायचे तेव्हा पडदा उघडा असायचा, बाबा."

तिनं ओरडावं, निदान रडावं असं काकांना वाटत होतं, पण तिनं दोन्ही केलं नाही. ती पुन्हा अंकात बघायला लागली आणि एका ओळीवर बोट ठेवून तिनं विचारलं, हे अपूर्ण का लिहिलंय? आईला तर पुरता पाठ होता. ती रोज करून दाखवायची. मला, सिस्टरना, शेजारच्या बाईंना, झाडायला येणाऱ्या मावशींना. सगळा वॉर्ड हसायचा.

"दाखव," काका म्हणाले.

लेक उठली. तिनं दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि बोटं थरथरवली. आई पांघरुणातून हात काढून असं करायची, म्हणाली. उजवीकडे झुकली, थांबली. डावीकडे झुकली. मग एक हात हळूच खाली आणला, परत वर नेला, हा की तो असं पुटपुटली, आणि दोन्ही हात तसेच वर धरून उभी राहिली.

"पुढचं मला आठवत नाही, बाबा."

"पहिल्यापासून कर," काका म्हणाले. "येईल."

तिनं पहिल्यापासून केलं आणि पुन्हा तिथेच येऊन अडली.